पायाच्या डॉक्टरला मिळतं काय

पभ्या,

तुझ्या मातीच्या दिवशी माझ्या पायात बूट होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय ते सगळं पायांचंच आहे, आणि तू मधेच थांबवून विचारशील, "पायात काय होतं?" कुणी तुला काहीही सांगायला लागलं की तुझा पहिला प्रश्न हाच. गोष्ट अपघाताची असो, लग्नाच्या वरातीची असो, नाहीतर उसाला पाणी भरताना साप निघाल्याची असो. सापाचं राहू दे, पायात काय होतं ते सांग.

तू गेल्याला महिना उलटून गेला. नगरच्या एका पेपरात तुझा फोटो आला, खाली 'गोरगरिबांचा कैवारी' असं छापलं होतं. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, अरुण, कैवारी म्हणजे ज्याची फी बुडाली तो. त्या मजकुरात तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, सगळं होतं, फक्त तू दिवसभर काय करायचास ते नव्हतं. लिहिणाऱ्याला मी सांगितलं असतं तरी त्याने छापलं नसतं. माणूस आयुष्यभर लोकांची नखं कापत होता, हे श्रद्धांजलीत शोभत नाही.

आपण दोघं एकाच वर्षी सर्जन झालो. मी राहुरीत येऊन हर्निया, मूळव्याध, अपेंडिक्स, मिळेल ते कापायला लागलो. तू दक्षिणेत कुठल्याशा हॉस्पिटलात पायांचं शिकायला गेलास आणि परत येऊन भाड्याच्या दोन खोल्यांवर पाटी लावलीस, 'पायांचा दवाखाना'. उद्घाटनाला तुझे वडील आले होते, रिटायर हेडमास्तर, पांढरा शर्ट, खिशाला पेन. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, पेढे वाटले, तरी ते पाटीखालीच उभे होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरुण, अख्खं शरीर शिकलाय ना हा? मग बाकीच्या माणसाचं काय करणार आहे?" मी हसलो. ते हसले नाहीत. "ह्यात मिळतं का काही?" त्यांनी विचारलं. तुझ्या धंद्याबद्दलचा हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नंतर तो इतक्या जणांनी विचारला की तुझ्या वतीने मीच उत्तर द्यायला लागलो. नाही मिळत.

आणि खरंच मिळत नव्हतं. पंक्चर काढणारा मागेल तेवढे लोक काढून देतात. पण डॉक्टरने बोटाच्या कडेत घुसलेलं नख काढलं, टाचेचं मेलेलं कातडं तासलं, भेगेतली माती धुतली आणि त्याचे पैसे मागितले, तर माणूस घरी जाऊन सांगतो, फसवलं. इंजेक्शनचे देतात, सलाईनचे देतात, ऑपरेशनचे तर शेळी विकूनही देतात. 'अनवाणी चालू नका' या वाक्याचे कोण देणार? तू ते वाक्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांगायचास आणि ऐकणारा मान डोलवून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस अनवाणी बांधावर.

विम्याच्या कागदांतही तुझं काम बसत नव्हतं. पाय कापला की माणूस ॲडमिट होतो, ॲडमिट झाला की कागद होतो, कागद झाला की पैसे येतात. पाय वाचला की माणूस चालत घरी जातो. चालत घरी गेलेल्या माणसाचं बिल कुणाला लावायचं? हे मी तुला चिडून सांगायचो आणि तू म्हणायचास, "बघ ना, काय पंचाईत आहे." जसं काही ती दुसऱ्याच कुणाची पंचाईत होती.

एकदा डॉक्टरांच्या मेळाव्यात तुला बोलायला बोलावलं होतं, ते नेमकं जेवणाच्या आधी. मागून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. तू शुगरने बधिर झालेल्या पायांचे फोटो दाखवलेस आणि पहिल्या रांगेची भूक गेली. शेवटी एका नव्या डॉक्टरने हात वर केला, "सर, फूटमध्ये अर्निंग कसं असतं?" तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "चांगलं असतं. फक्त बायको शिक्षिका करायची." अख्खा हॉल हसला. मार्था वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्याही हसल्या, आणि मग पर्समधून रुमाल काढून चष्मा पुसत बसल्या. परवा त्यांनी मला सांगितलं, "भावजी, ते खरंच होतं. माझा पगार घराला, त्यांची कमाई दवाखान्याला. त्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. फसवलं नाही मला."

आता भामाबाईचं सांगतो. मला तेच सांगायचंय, मी उगीच इकडेतिकडे फिरतोय.

तुला आठवेल, पुणतांब्याची ही बाई आधी माझ्याकडे आली होती. डाव्या पायाचं बोट काळं पडलेलं, तळव्याला भोक, वास सुटलेला. मी सांगितलं, गुडघ्याखालून काढावा लागेल. तिचा मुलगा संपत, टेम्पो चालवणारा, म्हणाला, एकदा पायाच्या डॉक्टरला दाखवून येतो. दुपारी तुझा फोन. "अरुण, हा पाय मी ठेवतोय." मी म्हटलं, हट्ट करू नकोस, पायाच्या नादात बाई जाईल. तू म्हणालास, जाणार नाही. मी भांडायलाच म्हणून तुझ्या दवाखान्यात आलो, तर तू तुझ्या त्या बुटक्या स्टुलावर बसला होतास, भामाबाई वर खुर्चीत, आणि ती पाय लुगड्यात ओढून घेत होती.

"आवो दादा, नका ना. तुमी डाक्टर. म्या तुमच्या पाया पडायचं का तुमी माझ्या? हे पाप म्या कुटं फेडू?"

"मावशी, पायाला हात लावल्याशिवाय मला पैसे मिळत नाहीत."

"मग पैशे घ्या की. पर हात नका लावू."

मला हसू फुटलं आणि भांडण राहूनच गेलं. एक बोट गेलं, पण पाय तू ठेवलास. महिनोन् महिने तास तासभर त्या स्टुलावर बसून ठेवलास. रोज संध्याकाळी तिला फोन करायचास, "मावशी, पाय कुठे आहे?" ती म्हणायची, "उशीवर हाय." तू म्हणायचास, "खरं सांगा." मग ती म्हणायची, "आता ठिवते." आणि जखम भरल्यावर तू काय केलंस, तर तिला माझ्याकडे धाडलंस, अरुण डॉक्टरला पाय दाखवून या म्हणून. माझी लिफ्ट बंद होती. बाई जिना चढून वर आली आणि टेबलासमोर पाय पुढे करून म्हणाली, "दादांनी सांगितलंय दाखीव म्हनून. बगा." इतका राग आला होता मला तुझा. इतका आनंदही झाला होता, तो मात्र तुला कधी सांगितला नाही.

तेव्हाही ती माझ्या दाराबाहेर चपला काढून आली होती. तुझ्याच दवाखान्यात हे कुणी ऐकायचं नाही तर माझ्याकडे कोण ऐकणार? तुझ्या दारावर हातभर अक्षरात पाटी होती, 'चपला घालूनच आत यावे'. लोक ती पाटी वाचायचे आणि पाटीखाली चपला काढायचे. तू बाहेर जाऊन ज्याच्या त्याच्या चपला उचलून आणायचास, तर ते आणखीनच ओशाळायचे. डॉक्टरने आपल्या चपलेला हात लावला! तू चपलेवर हात फिरवून, बुटात मनगटापर्यंत हात घालून चाचपायचास. बाभळीचा काटा निघायचा, खिळ्याचं टोक निघायचं. एकदा एकाच्या बुटात नातवाची गोटी निघाली. तो तिच्यावर चालून काष्टीचा अख्खा बाजार करून आला होता आणि त्याला पत्ता नव्हता. तू भामाबाईला विचारलंस, "मावशी, एवढं सांगतो, तरी चपला का काढता?" ती म्हणाली, "देवाच्या आन् डाक्टरच्या दारात चपला घालून शिरायचं व्हय? लोक काय म्हनतील?"  

आपलं ते मोठं भांडणही याच सुमाराचं. मी हॉस्पिटलवर तिसरा मजला चढवला आणि तुला बघायला बोलावलं. तू खिडकीतून मुळा नदीकडे बघत म्हणालास, "वरच्या मजल्याला किती पाय लागले रे?" मी म्हटलं, "आणि तुझ्या पुण्याईला वहिनींचे किती पगार लागले?" तू चहा न पिता गेलास. बरेच दिवस आपण बोललो नाही. मग एका सकाळी तू स्वतःच आलास, माझे बूटमोजे काढायला लावलेस, डोळे मीट म्हणालास आणि तुझा तो नायलॉनचा दोरा तळव्याला टोचत विचारायला लागलास, "लागतंय का? आता? इथे?" मलाही शुगर आहे, हे माझ्यापेक्षा तुझ्याच लक्षात असायचं. तू जमिनीवर बसला होतास, माझा पाय तुझ्या मांडीवर. असल्या माणसाशी भांडण पुढे कसं चालवायचं? पण ते मिटलंही नाही, पभ्या. तू त्या दिवशी एक शब्द बोलला असतास तर मिटलं असतं. मीही बोलू शकलो असतो.

शेवटचं भेटलो ते तुझ्या दवाखान्यात. तू म्हणालास, "एखादं पोरगं पाठव ना. शिकवतो सगळं. हल्ली स्टुलावरून उठताना धाप लागते." मी म्हटलं, धाप लागते तर उद्या येऊन कार्डिओग्राम काढ. येतो म्हणालास. आला नाहीस. जगाच्या पायात काटा शोधणारा माणूस स्वतःच्या छातीकडे बघायला तयार नव्हता, आणि या गोष्टीसाठी मी तुला माफ करणार नाही. तेव्हा मी पुढे विचारलं होतं, "पोरं विचारतात मिळणार काय. त्यांना काय सांगू?" तू हसलास. म्हणालास, "सांग त्यांना..." आणि तेवढ्यात काष्टीकडच्या पेशंटची जीप दारात आली. तू उठलास, एक हात भिंतीला टेकवून. "नंतर सांगतो," म्हणालास.

नंतर म्हणजे कधी रे?

लेक तुझी बंगळुरूहून यायची होती, म्हणून माती दुपारची ठरली. वैशाखातलं ऊन. चर्चच्या आवारात तुझे पेशंट कुठून कुठून आले होते, टेम्पोतून, जीपमधून, एकजण ट्रॅक्टरवर बसून. बरेचसे आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये येत होते. त्यांनी काय करावं? लिंबाखाली फाटकापाशी चपला काढल्या आणि हात जोडून आत गेले. आत फरशी गार होती, पंखे होते. प्रार्थना झाली, गीत झालं, लेकीने दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला. पुढच्या दारात गर्दी मावेना, म्हणून पेटी बाजूच्या दाराने काढली आणि तशीच कालव्याच्या रस्त्याने दफनभूमीकडे निघाली. लोक मागोमाग निघाले. चपला राहिल्या फाटकापाशी.

मी पुढे खांदा देत होतो. खांदा देणारा मागच्यांचे पाय बघत नाही. बघणारा एकच होता आणि तो पेटीत होता.

डांबर इतकं तापलं होतं की माझ्या बुटांचा तळ चिकटत होता. ज्यांच्या पायांना कळत होतं ते रस्ता सोडून कडेच्या गवतातून चालले, काही जण माघारी पळत जाऊन चपला घालून आले. ज्यांना कळत नव्हतं ते सरळ रस्त्याच्या मधून चालत आले, तुझ्या अगदी पाठीमागून. तुझ्यावर मूठभर माती टाकायला भामाबाई रांगेत होती, ते मी पाहिलं. ती रडत होती. तिच्या तोंडाकडे पाहिलं मी.

ऊन कलल्यावर गाडी घ्यायला चर्चपाशी आलो. माणसं पांगली होती. चर्चचा राखणदार फाटकाशी उभा होता. "सायब, ह्या कोनाच्या असतील? न्यायला कोनी येईना." लिंबाखाली चपला पडल्या होत्या. फार नव्हत्या. पण सगळ्या एकाच जातीच्या होत्या, जाड मऊ काळा तळ, मागे पट्टा, तू तुझ्या चांभाराकडून करून घ्यायचास त्या. ज्यांचे जोडे साधे होते ते आपापले घेऊन गेले होते. राहिल्या होत्या त्या फक्त बधिर पायांच्या. ते लोक दफनभूमीवरूनच टेम्पोत बसून घरी गेले होते, आणि पायात काही नाही हे त्यांच्या पायांनी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी तिथेच लिंबाच्या पारावर बसलो. खरं सांगतो, तू गेल्याचं मला तेव्हा कळलं. सकाळपासून मी फोन करत होतो, पेटीची, जेवणाची, गाड्यांची व्यवस्था बघत होतो, आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हे पभ्याला सांगायला हवं, तो लगेच गाडी काढेल. मग एकेक जोडी उचलून डिकीत टाकली. राखणदाराला वाटलं असेल डॉक्टरला वेड लागलंय.

भामाबाईला संपतने चौथ्या-पाचव्या दिवशी आणलं. तळव्यावरचे फोड फुटून कातडं लोंबत होतं, डाव्या पायावर जास्त, तू ठेवलेल्या पायावर. माझा आवाज चढला. मावशी, एवढी वर्षं तो ओरडत होता, तुम्ही त्याच्याच मातीला अनवाणी गेलात?

"मंग डाक्टर दादाच्या मातीला चपला घालून जाऊ व्हय?" ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "लागलं न्हाई वो काईच. लागलं असतं तर म्या चपला आनायला फिरलेच असते."

आणखी दोघं-तिघं आले. बाकीचे कुठे गेले मला माहीत नाही. तुझ्या दाराला कुलूप होतं आणि दुसरं दार कुणाला ठाऊक नव्हतं.

मी ठरवलं की हा पाय घालवायचा नाही. आपलं भांडण राहू दे बाजूला, तुझ्या जागी कुणीतरी बसवू आणि हा पाय ठेवू. ओळखीच्या सगळ्या पोरांना फोन केले. आणि पभ्या, प्रत्येकाने तेच विचारलं. काय मिळतं सर? साधारण काय पडतं महिन्याला? आयुष्यभर 'नाही मिळत' म्हणणारा मी, आणि आता मलाच 'मिळतं' म्हणायचं होतं. नगरहून एकजण बघायला आला. पोरगं वाईट नव्हतं, हात चांगला होता. वहिनींनी कुलूप काढलं. त्याने दोन खोल्या बघितल्या, छताला आलेली ओल बघितली, तुझ्या स्टुलावर बसून बघितलं आणि उठून पँट झटकली. मी त्याला जिना चढणारी भामाबाई सांगितली, बुटातली गोटी सांगितली. तो मनापासून हसला. मग विचारलं, "पण सर, मिळतं किती?" मी म्हटलं, "मिळतं. हळूहळू मिळतं." खोटं बोलायचंही मला नीट जमलं नाही. तो म्हणाला, "हौस म्हणून ठीक आहे सर. माझ्यावर घराचं कर्ज आहे." वहिनींनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, "भावजी, पाटी काढायला माणूस बोलवू का?" मी म्हटलं, थांबा थोडं. कशासाठी थांबा, ते मलाही माहीत नव्हतं.

तुझं ते राहिलेलं वाक्य मला तेव्हा हवं होतं. सांग त्यांना... काय? काहीतरी होतं का तुझ्याकडे, का तूही नुसताच हसून वेळ मारून नेत होतास? मला आता वाटतं, तुझ्याकडेही उत्तर नव्हतं. जीप आली म्हणून सुटलास.

मग ड्रेसिंग मीच करायला बसलो. तुझं स्टूल आणवलं. पण बाहेर बाकडी भरलेली, वर ऑपरेशनला पेशंट टेबलावर, सिस्टर दारातून डोकावतेय. तू एक तास बसायचास, मी दहा मिनिटांत उठायचो आणि बाकीचं सिस्टरवर सोपवायचो. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं हे तुझी बोटं ओळखायची, माझ्या हाताला सरळ रेषेत कापायची सवय. संध्याकाळी फोनही करून बघितला. "मावशी, पाय कुठे आहे?" "उशीवर हाय डाक्टर," ती म्हणाली, आणि मागे म्हैस ओरडली, अगदी फोनजवळ. तू असतास तर म्हणाला असतास, खरं सांगा. मी म्हटलं, बरं.

लाली घोट्याच्या वर सरकली, मग पोटरीत. ताप आला. संपत म्हणाला, "सायब, आता आईचा जीव वाचवा फक्त." हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं, कारण पुढे काय करायचं ते मला येतं. या वेळी बरं वाटलं नाही.

टेबलावर घेताना ती म्हणाली, "दादा असते तर न्हाई म्हनले असते, व्हय ना?" मी म्हटलं, हो. तिने मान हलवली. रडली नाही. म्हणाली, "त्यांचाच हुता तो पाय. त्यांच्यामागं गेला."

मी कापला, पभ्या. गुडघ्याखालून, तेव्हा कापणार होतो तिथूनच. टाके छान बसले. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही.

परवा तिला घरी सोडलं. त्याच सकाळी विम्याच्या कंपनीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. एक कागद परत आला नाही, एक शंका निघाली नाही. तू तिच्यासाठी महिनोन् महिने बसलास त्याचं कुणाला बिल लावता आलं नव्हतं, आणि माझ्या तासाभराच्या कामाचे वेळेवर आले. वरच्या मजल्याला किती पाय लागले विचारत होतास ना? आता हाही धर.

निघायच्या आधी मी डिकीतून तिची जोडी काढून आणली होती. तिने उजवी घातली, मागचा पट्टा संपतने लावून दिला. मग वॉकरला धरून ती माझ्या खोलीत आली, टेबलापर्यंत आली, चप्पल घालून. दारात थबकली नाही. "दादा सांगायचे न्हवं, घालूनच आत या म्हनून," ती म्हणाली. मी डावी चप्पल पुढे केली. ती तिच्याकडे बघत राहिली. "ती आता कशाला? ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

ती गेल्यावर पुढच्या पेशंटला मी थांबायला सांगितलं. दार लावून तुझ्या स्टुलावर बसलो आणि तू करायचास तसा तळावरून हात फिरवला. टाचेपासून बोटांपर्यंत, पट्ट्याच्या आतून, शिवणीच्या कडेने. गेलेल्या बोटाच्या जागी तू लावून घेतलेली मऊ गादी हाताला लागली. काटा नव्हता. खिळा नव्हता. चप्पल अगदी चांगली होती, पभ्या.